आठच्या आत ओटा थंड

परवा दुपारी बारा वाजता तुझ्याकडे आले, तर दार उघडायला तुला चार मिनिटं लागली. आत कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तव्यावर पोळी होती आणि पंखा बंद, कारण पंखा लावला की गॅसची ज्योत फडफडते. चेहरा तुझा विटेसारखा लाल झालेला. "ताई, बस ना, पाच मिनिटांत गरम गरम वाढते," म्हणालीस. सासूबाई समोर बसल्या होत्या म्हणून मी काही बोलले नाही. दोन पोळ्या खाल्ल्या आणि निघाले. पण घरी येईपर्यंत तुझा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत तवा ठेवतेस. म्हणून लिहितेय. खिडकीला ओला पडदा लावलाय, कुलर सुरू आहे, संध्याकाळपर्यंत मला कुठे जायचं नाही.

हे स्थळ मीच सुचवलं होतं, ते मी विसरलेले नाही. सिन्नरच्या पोरीला गडचांदुरात मी आणलं, तेव्हा इथला उन्हाळा कसा काढायचा हे शिकवणं माझंच काम. आपल्या सिन्नरलाही मे महिना तापतो, पण संध्याकाळी वारा सुटतो आणि रात्री गच्चीवर झोप लागते. इथे तसं नाही गं. चंद्रपूर इथून पन्नासेक किलोमीटर. तिथला पारा टीव्हीवर दाखवतात, २०१९ च्या मे अखेरीस तो ४८ अंशांवर गेला होता. ४५-४६ तर नेहमीचंच. आणि हवामान खात्याचा तो आकडा सावलीतला असतो, मोकळ्या हवेतल्या लाकडी पेटीतला. तुझ्या ओट्याजवळचा आकडा कुणी मोजत नाही. वर तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, दोन शेगड्या पेटलेल्या, पंखा बंद. तिथे किती असेल, तूच सांग.

जावईबापू सिमेंट कंपनीत भट्टीच्या विभागात आहेत. सिमेंटच्या भट्टीत साडेचौदाशे अंशांच्या आसपास चुनखडीचा क्लिंकर होतो, त्याच्या आसपास वावरणं सोपं नाही, आणि ते घरी आले की सगळं घर त्यांच्यासाठी गार पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहतं. राहायलाच हवं. पण पाळी संपली की ते भट्टीपासून दूर येतात. तुझी भट्टी घरातच आहे, आणि तिथून उठून तू कुठे जाणार? तुझ्यासाठी तांब्या भरून ठेवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि त्यात कुणाची दुष्टाई नाही. बाई ओट्यापाशी असते हे सगळ्यांना भिंतीसारखं वाटतं.

मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, आईलाही नाही. माझ्या लग्नानंतरचा तिसरा उन्हाळा. नवतपा सुरू झाला होता. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणीत गेला की येणारे ते नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास. इथली माणसं त्या दिवसांना नावानं ओळखतात. नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळी नऊपासून मी ओट्याशी: चाळीस पोळ्या, दोन भाज्या, कढी, वर कुरडया तळायच्या. साडेबाराच्या सुमाराला पोटऱ्यांत गोळे आले. मी पाय झटकून उभी राहिले. मग एवढ्या उकाड्यात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखी. ते लक्षण किती वाईट आहे हे मला कुठे ठाऊक! झारा हातात असतानाच डोळ्यांपुढे काळोख आला. पडले ती नशिबानं कढईच्या उलट्या बाजूला. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, सकाळपासून पाणी किती प्यायलात आणि लघवीला कधी गेला होतात. दोन्हींचं उत्तर मला देता आलं नाही. पाहुण्यांना वाढायच्या आधी आपण पाणी पिऊन घ्यावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या घरात एक नियम आहे. होळी झाली की मृग लागेपर्यंत, आठच्या आत गॅस बंद. त्यानंतर फार तर चहा, तोही संध्याकाळी. पाहुणे येवोत, जावई येवोत, सणवार असो. आणि सांगते, वीस वर्षांत कुणी उपाशी उठलं नाही.

तू म्हणशील, सकाळीच सगळं रांधून ठेवलं तर दुपारी ते आंबतं. आंबेलच. म्हणून सगळं रांधायचंच नाही. पाचला उठतेस तू, ती वेळ सोन्यासारखी असते. एकाच कुकरमध्ये खाली वरण, वर भात, त्याच्या वर झाकणीत दोन कैऱ्या आणि दोन-तीन आलू. एकदाच विस्तव, चार कामं. कैरीचं पन्हं होतं, आलूची दह्यातली कोशिंबीर होते. शेजारच्या शेगडीवर पोळ्या, सातच्या आत. पोळ्या गार झाल्या की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव, वाफ धरलेल्या अवस्थेत झाकण लावू नकोस. आठवड्यातून दोनदा पोळ्यांऐवजी दशम्या कर. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवायची, थोडा गूळ आवडत असेल तर घालायचा. दशमी दुपारीही मऊ राहते आणि रात्रीही, म्हणून तर आजी प्रवासाला दशम्या बांधून द्यायची. बाकी सगळं कच्चं, भिजवलेलं, कालवलेलं, आंबवलेलं.

आता आंबिलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथल्या उन्हाळ्याची खरी मालकीण तीच. रात्री चार-पाच चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून ठेवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. सकाळी गंजात तीन पेले पाणी उकळायचं, त्यात मीठ, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या तीन-चार पाकळ्या. उकळी आली की भिजवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. सहा-सात मिनिटांत ते घट्ट होतं, चकाकी येते, कच्चा वास जातो. बस, गॅस बंद. पूर्ण गार झालं की पुन्हा ताक घालून पिण्याजोगं पातळ करायचं आणि मातीच्या मडक्यात ओतायचं. दुपारी वर बारीक कांदा आणि सांबार. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर गं, पहिल्या महिन्यात बाजारात मीही भाजीवालीकडे बघत राहिले होते. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा जवसाची चटणी. दोन वाट्या आंबील पोटात गेली की चार वाजेपर्यंत भूक लागत नाही आणि अंगाला जडपणा येत नाही. त्यात पाणी गेलं, मीठ गेलं, धान्य गेलं, ताक गेलं. घामानं शरीरातून जे जे जातं ते सगळं एका वाटीत परत येतं.

आणि ही काही गरिबाघरची नाइलाजाची गोष्ट समजू नकोस. जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम-गोंड बाया मोहफुलं वेचायला, पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला उजाडायच्या आधी निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. त्यांच्यासोबत फडक्यात भाकर असते, नाहीतर वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पेज किंवा आंबील. तुंब्यात ती गार राहते. एवढ्या उन्हात एवढं अंगमेहनतीचं काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांचं खाणं उन्हाची नीट परीक्षा देऊन पास झालेलं आहे. आपण वातानुकूलित खोलीतली माणसं जेवतात तसं वरण-भात-भाजी-पोळी दोन्ही वेळा गरम मांडायला बघतो आणि मग म्हणतो, इथला उन्हाळा सोसवत नाही.

माझ्या शेजारच्या तेलुगू काकूंकडून मी दुसरी गोष्ट शिकले. त्या आसिफाबादकडच्या. आपल्या गावात अर्धा बाजार तेलुगू बोलतो हे तुझ्या लक्षात आलंच असेल. रात्रीचा उरलेला भात त्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि सकाळी त्यात ताक, मीठ, कच्चा कांदा आणि लोणच्याची फोड घालून खातात. चद्दन्नम म्हणतात त्याला. एक अट त्या पाळतात आणि तूही पाळ: रात्री भात करावाच लागला तर तो शिजल्यावर तासाभरात गार करून पाण्यात बुडवायचा, आणि सकाळीच संपवायचा. दुपारपर्यंत ठेवायचा नाही.

डब्यातला दहीभात दुपारी आंबट होतो, जावईबापू कुरकुरतात, असं तू म्हणाली होतीस ना? त्याचा उपायही काकूंचाच. कोमट भात हातानं मऊ कालवायचा, तो दह्यात कालवायचाच नाही, दूध घालायचं आणि विरजणापुरतं चमचाभर दही. मीठ, किसलेलं आलं, बारीक मिरची. डबा बंद करायचा. पहिल्या पाळीला सहाला गेलेल्या माणसाच्या डब्यात दहा-अकराच्या सुमाराला तो भात आपोआप विरजलेला असतो, गोडसर, ताजा. फोडणी हवीच असेल तर सकाळच्या वरणाच्या फोडणीतली एक पळी बाजूला काढून ठेव. फोडणीसाठी वेगळी कढई चढवू नकोस.

बिनविस्तवाचं जेवण म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काकडी आणि टरबूज येतं. त्यानं पोट भरत नाही, खरं आहे. म्हणून धान्य आणि डाळ आधीच भाजून, फुटवून, दळून ठेवलेली हवी. फाल्गुनात, सकाळ अजून गार असते तेव्हा, सातूचं पीठ करून ठेवायचं. गहू ओलवून, वाळवून, खमंग भाजायचे. त्यांच्या निम्मी फुटाण्याची डाळ, थोडी सुंठ, वेलची. गिरणीतून दळून आणायचं. मग दोन-अडीच महिने काळजी नाही. गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवलं की वाटीभर जेवण तयार. साखरेचा त्रास असलेल्यांना ताकात, मीठ-जिरं घालून. कंपनीच्या वसाहतीत बिहारकडची कुटुंबं आहेत, त्यांचा सत्तू निव्वळ भाजक्या चण्यांचा असतो. तो ते पाण्यात घोळून त्यात लिंबू, कांदा, हिरवी मिरची घालून पितात. मी दोन्ही करते. सकाळी गोड, दुपारी तिखट.

तसंच ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. ह्याला तर विस्तवाचा संबंधच नाही, लाह्या भट्टीवाल्यानं फोडलेल्या असतात. घरी मिक्सरमध्ये फिरवून पीठ करायचं, चाळायचं, बरणीत भरायचं. ताकात मीठ, वाटलेली मिरची, लसूण, जिरं घालून हे पीठ कालवायचं, आणि पाच मिनिटं थांबायचं, ते फुलतं. आजारी माणसाच्या, लहान मुलाच्या पोटालाही हलकं. तापातून उठल्यावर मला फक्त हेच गोड लागतं.

कच्चा चिवडा तू खाल्ला आहेस, पण संध्याकाळचा टाइमपास म्हणून. तो जेवण म्हणून कर. मुरमुरे आणि पातळ पोहे, त्यात कच्चं फल्लीतेल, तिखट, मीठ हातानं चोळायचं. मग कांदा, टमाटर, कैरीच्या बारीक फोडी, सांबार, फुटाणे, फल्लीदाणे आणि मूठभर भिजवलेली मुगाची डाळ. ती मुगाची डाळ विसरू नकोस. पिवळी मूगडाळ दोन तास भिजली की दातांखाली कुरकुरीत लागते, शिजवावी लागत नाही, आणि जेवणाला बळ देते. नुसत्या काकडीच्या कोशिंबिरीत, दाण्याच्या कुटाबरोबर, लिंबू पिळूनही ती फार छान. हरभऱ्याची डाळ भिजवून, जाडसर वाटून, कैरीचा कीस घातलेली चैत्रातली वाटली डाळ तर आपल्या घरची. पण ती कच्ची हरभऱ्याची असते, वाटीभरच वाढ. सासूबाईंना रात्री देऊ नकोस, त्यांना वाताचा त्रास आहे.

आणि तक्कू! ह्या एका पदार्थासाठी मी विदर्भाची झाले असं म्हटलं तरी चालेल. कैरी किसायची, तेवढाच कांदा किसायचा किंवा बारीक चिरायचा, गूळ, तिखट, मीठ. इथल्या बाया वर मेथीदाण्याची फोडणी घालतात. मी भर उन्हाळ्यात फोडणीही घालत नाही. मेथी एकदाच भाजून, कुटून बाटलीत ठेवते, चिमूटभर तीच टाकते आणि चमचाभर कच्चं तेल. एक तास मुरू दे. दशमी आणि तक्कू, सोबत घट्ट दही, रात्रीचं जेवण झालं. कधी गोड खावंसं वाटलं तर सकाळची पोळी कुस्करून तूप-गूळ घालून लाडू वळ, त्यालाही विस्तव लागत नाही. अगं, रात्रीही ओटा पेटवू नकोस हे मुद्दाम सांगते. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ते घरात सोडत राहतो. सात वाजता बाहेर बरं वाटतं म्हणून स्वयंपाकाला लागायचं आणि आत घामाघूम व्हायचं, ही चूक मीही आधी केली.

पिण्याचं थोडक्यात सांगते. पन्हं तुला येतंच, त्यात मीठ कंजुषी न करता घाल. बेलफळं इथल्या बाजारात ढिगानं येतात. गर तासभर पाण्यात भिजव, हातानं कुस्कर, गाळ, गूळ घाल. बिया चिरडू देऊ नकोस, कडवटपणा येतो. चिंचवणी तर अक्षय तृतीयेला सासूबाईंनी केली असेलच. चिंच भिजवून कोळ काढायचा, गूळ आणि वेलची-जिऱ्याची पूड. ती फक्त त्या दिवसापुरती का ठेवायची? चिंचेची झाडं इथे रस्त्यारस्त्याला. आणि बाटलीबंद रंगीत पेयांना घरात जागा देऊ नकोस, तहान भागत नाही त्यांनी. उलटी-जुलाब झाले, किंवा कुणी उन्हातून येऊन गळून पडलं, तर घरचं जलसंजीवनीचं माप पाठ असू दे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. डोळ्यांच्या अंदाजानं नाही, मोजून. जास्त मीठ बाळाला घातक ठरू शकतं. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपतेय असं दिसलं, तर घरगुती काही करत बसू नकोस. ओल्या चादरीत गुंडाळ, वारा घाल आणि सरळ दवाखाना. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्यांच्या ताकातलं मीठ किती असावं ते त्यांच्या डॉक्टरांना विचार, माझ्या अंदाजावर जाऊ नकोस. वयस्क माणसाला तहान लागल्याचं लवकर कळत नाही, म्हणून त्या मागतील तेव्हा देऊ असं करू नकोस. तासातासानं वाटी पुढे कर.

कच्च्या खाण्याची एक जबाबदारी असते, ती मात्र टाळता येत नाही. विस्तव जे जंतू मारतो ते इथे कुणी मारत नाही. हात धुऊन, विळी-सुरी धुऊन, भाजी दोन पाण्यांतून काढून. मोड आलेली मटकी ह्या हवेत सहा-आठ तासांत चिकट होते, वास बदलला की टाकून द्यायची, हळहळायचं नाही. चिरलेलं टरबूज, दह्यातली किंवा साधी कोशिंबीर दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही. म्हणून थोडं थोडं कालव. रस्त्यावरचं चिरलेलं फळ आणि बर्फाचा गोळा मुलांनी कितीही मागितला तरी नाही. तू पुढेमागे पोटुशी राहशील तेव्हा मोड आलेलं कच्चं खाऊ नकोस, वाफवून खा. त्या उन्हाळ्यात मी येईन तुझ्याकडे राहायला.

दही रात्री दहाला विरजायचं, दिवसा नाही. इथे दिवसा चार तासांत ते आंबून जातं. फ्रीज असला तरी वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा जुनी युक्ती ठेव. परातीत ओली वाळू, त्यात दह्याचं मडकं, वरून ओलं फडकं, आणि ते सगळं वाऱ्याच्या झोतात. पाणी उडतं तसं मडकं गार होत जातं. माठाचंही तेच. हवा कोरडी आहे तोवर हे काम करतं. मृगाचा शिडकावा झाला की हवेत दमटपणा येतो, मग माठ आणि कुलर दोन्ही हात टेकतात. तोवर आपलं ऊन आपल्यासाठी राबवून घ्यायचं.

राबवून घ्यायचं म्हणजे खरंच राबवून. साखरांबा मी गॅसवर करतच नाही. एक वाटी कैरीचा कीस, दीड ते दोन वाट्या साखर, कैरी किती आंबट त्यावर. काचेच्या बरणीत कालवून तोंडाला पातळ मलमल बांधायची आणि सकाळी गच्चीवर ठेवायची. संध्याकाळी आत घ्यायची, कोरड्या चमच्यानं ढवळायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. आठ-दहा दिवसांत पाक मधासारखा दाट होतो आणि कीस काचेसारखा पारदर्शक. सूर्यपाकी साखरांबा. सिन्नरला आईला ह्याला पंधरा दिवस लागायचे. पहिल्या वर्षी बरणी हातात घेऊन मी गच्चीवर उभी होते आणि ह्या उन्हाचा राग राग करणं मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं नाही.

आंब्यांचं तर काय सांगू. गावरान चोखायचे, बैंगनपल्ली रसाला. रस आणि कुरडई हे इथलं जेवण. पण कुरडयांचं तळण सकाळीच काढ. बाजारात जंगलातली टेंभरं आणि चार आली की आण. चार म्हणजे ज्याच्या बीची चारोळी होते ते जांभळट फळ. महिनाभरच असतात. आणणाऱ्या बायांशी भाव करू नकोस, ती टोपली भरायला त्या पहाटेपासून रानात असतात.

आता सासूबाईंचं. त्या ओरडणाऱ्या नाहीत, मला ठाऊक आहे. तरी तुला भीती वाटते की गार वाढलं तर "सून आळशी" असं त्यांच्या मनात येईल. मीही घाबरायचे. एक कर. त्यांच्यासमोर "उद्यापासून मी दुपारी रांधणार नाही" असं जाहीर करू नकोस. दुपारी त्यांच्या शेजारी बस, कैऱ्या सोलायला घे, आणि विचार, "आई, तुमच्या माहेरी नवतप्यात काय खायचात?" त्या राजुऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. चुलीला सरपण लागायचं, ते आणायला बाईच जायची, म्हणून उन्हाळ्यात चूल उगाच पेटत नसे. रात्री कण्या शिजवायच्या आणि सकाळी ताक घालून खायच्या. त्या सांगतील तुला. माझ्या सासूबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी त्यांच्या आईची आंबील करायची पद्धत दोन वेळा समजावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पीठ भिजवलं. दुपारच्या गरम पोळीचा आग्रह त्यांचा नव्हताच. माझाच होता. चांगली सून म्हणजे कायम पेटलेला गॅस, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं कोण जाणे.

जावईबापूंशीही बोल, पण भुकेलेल्या माणसाशी नको. सुटीच्या दिवशी सकाळी त्यांना ओट्यापाशी दहा मिनिटं उभं कर. पोळ्या लाटायला नको, नुसतं उभं. पंखा बंद ठेव. ते भट्टीवरचे आहेत, त्यांना उष्णता समजते.

आज घरी ताक आहे का बघ. नसेल तर पोराला पाठवते वाटी घेऊन. रात्री भांडी झाली की चार-पाच चमचे पीठ त्यात कालव, झाकण जरा सैल ठेव आणि झोप. सकाळी सहाला मी येते. लसूण सोलू नकोस, मी सोलून आणते.